तुळईखालचा टेकू

मित्रांनो, मला देऊळ म्हणायचं की दगडांचा ढीग, ते आता तुम्हीच ठरवा. देऊळ म्हणाल तर मला शिखर नाही, गाभारा नाही आणि छप्परही अर्धंच उरलं आहे. ढीग म्हणाल तर माझे तीन खांब अजून ताठ उभे आहेत, आणि खरं सांगतो, मला त्याचा थोडा गर्व आहे. मी मुरमबोडी गावच्या तलावाच्या पाळीवरचा जुना दगडी मंडप. ब्रह्मपुरीहून येणारी जीप फाट्यावर सोडते. तिथून धानाच्या बांध्यांमधून पायी आलात की मोहाच्या दोन झाडांमागे मी दिसतो. यायचं तर जरूर या, पण माझ्या सावलीत बसू नका. का बसू नका, ते सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा. नक्की साल मला ठाऊक नाही आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांतलं कुणी उरलं नाही. पलीकडच्या टेकडीतून माझे दगड काढले आणि लाकडी ओंडक्यांवरून घसरत पाळीवर आणले. तांबूस दगड, हात फिरवला तर रव्यासारखा लागणारा. पाथरवटांनी माझे चार खांब घडवले. बुडाशी चौकोनी, मध्ये आठ कोनांचे, वर गोल. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर त्यांनी चार-चार कीचक बसवले. कीचक म्हणजे छपराचा भार दोन्ही हातांनी उचलून धरणारी ढेरपोटी, डोळे वटारलेली दगडी माणसं. लहान मुलं त्यांना पाहून खिदळतात. मला कधी हसू आलं नाही, कारण ती कशी राबतात ते मी रोज पाहतो. खांबांवर चार तुळया आडव्या टाकल्या. तुळयांच्या कोपऱ्यांवर तिरके दगड, त्यांच्यावर आणखी तिरके, असा चौकोनात चौकोन फिरत वर गेला आणि अगदी मधोमध एक दगडी कमळ उलटं लटकवलं.

ह्या सगळ्यात चुन्याचा कण नाही, मातीचा लपका नाही, लोखंडाचा खिळा नाही. वरचा दगड खालच्याला दाबतो म्हणून खालचा हलत नाही, एवढीच माझी विद्या. पावसाचं पाणी माझ्या फटींतून आत यायचं आणि फटींतूनच निघून जायचं. मला त्याची कधी भीती वाटली नाही. किती तरी पिढ्या मी ह्याच विद्येवर काढल्या.

माझा मागचा गाभारा पिंपळाच्या मुळांनी उकलला. शिखर त्याच्या पाठोपाठ गेलं. गावानं तलावाचं तोंड बांधायला माझे दगड नेले, बायकांनी धुणं आपटायला नेले. त्याचं मला वाईट वाटलं नाही. दगड कुठंतरी कामाला आला म्हणजे झालं. वाईट वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. साठेक वर्षांपूर्वी कुणाच्या तरी डोक्यात गुप्तधनाचं खूळ शिरलं. माझ्या आग्नेयेच्या खांबाच्या बुडाशी त्यांनी कंबरभर खड्डा खणला. मुरमाखेरीज काही निघालं नाही, तसे ते खड्डा तसाच टाकून निघून गेले. त्या पावसाळ्यात खड्डा तुंबला. माझा खांब चार बोटं खाली बसला आणि त्याच्यावरची दक्षिणेची तुळई मधोमध तडकली. तो आवाज तलावाच्या पलीकडच्या काठावर ऐकू गेला म्हणतात.

तो आवाज ऐकून जो पहिला धावत आला, त्याचीच ही गोष्ट. त्याचं नाव लच्छू. वय तेव्हा विशीतलं. जातीनं ढिवर, तलावात आणि नदीत जाळं टाकणारं घर, पण बापलेक दोघंही डोंगे करण्यात तरबेज. अख्खा ओंडका पोखरून त्याचा डोंगा करायचा म्हणजे लाकडाची नस माहीत हवी. लच्छूनं माझ्या तुळईखाली उभं राहून बराच वेळ वर पाहिलं. मग बापलेकांनी खड्डा दगडमातीनं ठेचून भरला आणि बिजाच्या लाकडाचा एक खांब आणला. बिजा म्हणजे पाण्याला आणि वाळवीला सहजी न बधणारं लाकूड. तो खांब त्यांनी तडकलेल्या तुळईच्या बरोबर खाली उभा केला आणि खांबाचा माथा आणि तुळई यांच्यामध्ये लाकडी पाचर ठोकली. लच्छूनं शेवटचा घाव घातला, तसा माझा जीव भांड्यात पडला. शपथेवर सांगतो, तितकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

तेव्हा लच्छूची आई भाकर घेऊन आली होती. आमच्या भागात नव्या घराचा मुख्य खांब उभा केला की त्याला हळदकुंकू लावतात, तांब्याभर पाणी घालतात. त्या बाईनं तेच केलं. घराचा काय आणि देवळाचा काय, खांब तो खांब. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण मित्रांनो, पुढचं सगळं त्या तांब्याभर पाण्यातून निघालं.

पुढच्या सोमवारी आणखी एकीनं येऊन हळद वाहिली. कुणाचा ताप उतरला, कुणाची हरवलेली म्हैस सापडली. खांबाला शेंदूर चढला. शेंदरावर शेंदूर, त्यावर पिवळं कापड, पिवळ्यावर लाल कापड. पाच-सहा वर्षांत त्याला नाव पडलं खांबदेव. आत पिंड नव्हती, ती गाभाऱ्याबरोबरच गाडली गेली होती, म्हणून लोकांना हात जोडायला काहीतरी हवंच होतं. लच्छू सुरुवातीला गालात हसायचा. मग गावानं ठरवलं की खांब ज्याच्या घरानं आणला त्या घराचा मान पहिला. महाशिवरात्रीला पहिलं पाणी लच्छूच्या घरचं, पहिला नारळ त्याच्या हातचा. तेव्हापासून त्याचं हसणं थांबलं. तो धुतलेलं धोतर नेसून यायचा, गंभीर चेहऱ्यानं नारळ फोडायचा. वर स्वतःच्या पाचरीकडे तो पाहायचाच नाही. मी पाहत होतो. मला त्याचा रागही आला नाही, कारण पूजा माझ्या अंगणात चालली होती आणि मलाही ती गोड लागत होती. इतक्या वर्षांनी माझ्यात दिवे लागले होते.

लच्छूची बायको गेली. मुलाचं लग्न झालं आणि सून आली वच्छला. तिला सात वर्षं मूल नव्हतं. ती दर सोमवारी खांबदेवाला पाणी घालायची, ओलेत्यानं प्रदक्षिणा मारायची. मग मुलगी झाली, दिव्या. त्या दिवसापासून वच्छलेसमोर खांबदेवापुढे दुसऱ्या कुणाचंच काही चालेना. तिचा नवरा कामासाठी बाहेरगावी असायचा. घरात ती, सासरा आणि दिव्या. पहिल्या पाण्याचा मान आता तिच्याकडे आला होता आणि तिनं तो एकदाही चुकवला नाही.

चार वर्षांपूर्वी निकेश नावाचा तरुण देवस्थान समितीचा अध्यक्ष झाला. माणूस वाईट नव्हता. त्याच्या मनात माझ्यासाठी काहीतरी करायचं होतं. त्यानं खांबदेवाच्या बुडाभोवती चकचकीत टाइल्स बसवल्या आणि त्यांना वीतभर काठ केला, म्हणजे पाणी इकडं तिकडं पसरून कुणाचा पाय घसरू नये. ते पाणी त्या काठात साचून राहायला लागलं. सोमवारी भरायचं, गुरुवारपर्यंत आटायचं, पुन्हा सोमवारी भरायचं. मला ते आवडलं नव्हतं. पण मला विचारतो कोण?

मागच्या वर्षी पौषात लच्छू एकटाच आला. आता तो अठ्ठ्याहत्तरचा होता, डोंगे करणं सोडून दहा वर्षं झाली होती. त्याची जाळी माझ्या जोत्यावर वाळत होती, ती गोळा करताना त्याचं लक्ष वर गेलं. किती वर्षांनी ते त्यालाच माहीत. त्यानं हात उंच करून पाचरीला बोट लावलं. पाचर हलली. ठोकून बसवलेली पाचर बोटानं हलते, ह्याचा अर्थ ज्यानं डोंगे केले त्याला समजावून सांगावा लागत नाही. खांब भार घेत नव्हता. भार पुन्हा माझ्या तडकलेल्या तुळईवर आला होता.

तो खाली बसला. बुडाशी गुंडाळलेलं कापड त्यानं बाजूला केलं, शेंदराची जाड खपली नखानं उचकटली आणि बोट आत दाबलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. मग त्यानं कमरेची चुन्याची डबी काढली. तंबाखूचा नाद होता त्याला, डबी कधी कमरेवेगळी व्हायची नाही. त्यानं बोटभर चुना घेतला आणि जोत्यावरच्या दगडावर चढून माझ्या तुळईच्या तड्यावर आडवा ठिपका दिला. मला आधी कळेना हा काय करतो आहे. नंतर कळलं. चुना वाळून कडक होतो. तडा हलला तर ठिपका फुटतो. जन्मभरात माझ्या अंगाला लागलेला तो पहिला चुना.

ठिपका बारा दिवसांत फुटला.

लच्छूनं आधी सुनेला सांगितलं. ती पाणी घालायला आली होती, तेव्हा तिथंच, माझ्यासमोर. डोंग्याचं लाकूड कायम पाण्यात असलं तर सडत नाही आणि कायम कोरडं असलं तरी सडत नाही, जिथं पाणी येऊनजाऊन असतं तिथंच सडतं, हे त्यानं तिला समजावलं. आता पाणी घालू नको म्हणाला. वच्छलेनं सगळं ऐकून घेतलं आणि तांब्या उपडा केला. देवाच्या पायाशी बोट खुपसायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं, एवढंच ती बोलली. त्यानंतर तिनं खपलीच्या जागी नवा शेंदूर भरला आणि कापड पहिल्यापेक्षा घट्ट बांधलं.

मग लच्छूनं घरामागचा ओंडका काढला. बिजाचाच होता. त्यानं तो शेवटच्या डोंग्यासाठी वीस वर्षं जपून ठेवला होता, हे मी घाटावरच्या बायकांच्या बोलण्यात पुष्कळदा ऐकलं होतं. आपण मेल्यावरही पाण्यावर आपला एक डोंगा फिरला पाहिजे, अशी त्याची हौस होती. तो ओंडका त्यानं बैलगाडीतून पाळीवर आणवला आणि मोहाखाली रोज थोडाथोडा तासायला बसला. लोकांना वाटलं म्हातारा डोंगा करतो आहे. तो सरळ, गोल होत गेला तेव्हा लोक विचारात पडले. वय झालं होतं, तरी त्याचा एक घाव चुकला नाही. मी मोहाकडे पाहत दिवस काढत होतो. ठिपका तोवर दुसऱ्यांदा फुटला होता, पाचव्या दिवशी.

शिवरात्रीच्या आठ दिवस आधी माझ्या अंगणात समितीची बैठक होती. कापडी मंडप घालायचा, आवाजाची पेटी कुठं ठेवायची, असं बोलणं चाललं होतं. लच्छू उठून उभा राहिला. जुन्या खांबाला मी हात लावत नाही, त्याच्या बाजूला नवा उभा करतो, एका दिवसाचं काम आहे, असं तो म्हणाला. निकेश म्हणाला, यात्रा होऊन जाऊ द्या, मग बघू. कुणीतरी म्हणालं, एका देवाच्या उरावर दुसरा देव कसा बसवायचा? तेव्हा लच्छूनं ते वाक्य बोलून टाकलं.

"तो देव नाई. तो टेकू होय. मी लावला हाय तो, माह्या हातानं."

त्यानं सगळं सांगितलं. तडा, खड्डा, बाप, पाचर, आईची हळद, काही लपवलं नाही. मी मनात म्हणत होतो, लच्छू, तू फार उशीर केलास, पण बोलत राहा. त्याचं संपल्यावर निकेश हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, मंग पन्नास वर्षं पयला नारळ कायले फोडला?"

मित्रांनो, तेव्हा तो उभा होता आणि त्याचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. खोटं बोलला असता तर कदाचित लोकांनी ऐकलंही असतं. पण एवढा वेळ खरं बोलून झाल्यावर त्याला खोटं जमेना. बायकांमध्ये बसलेली वच्छला उठली. तिचं तोंड लाल झालं होतं.

"तो टेकू होय तं माही दिव्या कोनं देल्ली, मामाजी?" ती म्हणाली आणि पदर सावरत पाळीवरून चालू लागली.

त्यानंतर त्याला कुणी वेडं म्हटलं नाही की शिवीही दिली नाही. लोक त्याच्याशी नेहमीसारखं बोलायचे, तब्येत विचारायचे. फक्त त्यानं खांबाचं नाव काढलं की दुसरीकडे पाहायचे. तयार झालेला नवा खांब मोहाखाली तसाच आडवा पडून राहिला. तो चार माणसांशिवाय हलणारा नव्हता आणि चार माणसं मिळेनात. लच्छू मात्र रोज सकाळी यायचा, ठिपका बघायचा, जुना खरवडून नवा द्यायचा. शेवटच्या तीन दिवसांत ठिपका रोज फुटला.

शिवरात्रीची सकाळ उजाडली. घाटापासून बायकांची रांग लागली होती. हातात तांबे, बेलाची पानं. पहिलं पाणी पडेपर्यंत माझ्या जोत्यावर दुसऱ्या कुणी पाय ठेवायचा नाही, असा रिवाज. निकेशनं दोरी बांधली होती, तिच्या आत फक्त मानाचं घर. वच्छला नव्या लुगड्यात आली. सासऱ्याशी तिचं आठ दिवस बोलणं नव्हतं, तरी मान घराचा होता, म्हणून तो तिच्या मागून आला. त्याच्या हातात नारळ नव्हता. त्यानं उपरण्याखाली लाकडी मोगरी आणि एक नवी, जाड पाचर लपवून आणली होती.

वच्छला वाकून कुंकू वाहत होती, तेवढ्यात तो दगडावर चढला आणि पाचर फटीत घालून ठोकू लागला. बाहेर वाजंत्री चालू होती, कुणाला ऐकू गेलं नसेल. वच्छलेनं वर पाहिलं आणि दात-ओठ खाऊन म्हणाली की आज तरी गावासमोर शोभा करू नका. त्यानं तिसरा घाव घातला. पाचर आत गेली, पण माझी तुळई तसूभरही उचलली गेली नाही. उलट खांबच खाली गेला. त्याचं सडलेलं बूड टाइल्सच्या आत चेपलं जात होतं. लच्छूच्या हाताला ते कळलं. मलाही कळलं. जुनी पाचर सुटून फरशीवर पडली. साधा टप्प असा आवाज. त्यानं खाली पडलेल्या पाचरीकडे पाहिलं, मग सुनेकडे. ती तांब्या उचलून पाणी घालायच्या बेतात होती.

खांबाला एक खांदा लावून तो म्हणाला, "वच्छला, माही चुन्याची डबी थ्या मोहाखाली राह्यली. घेऊन ये बाई, पयले."

तिला राग आला. पहिलं पाणी हातात, दोरीपलीकडे सगळं गाव, आणि ह्याला तंबाखू सुचते आहे. पण सासऱ्यानं गावासमोर काम सांगितलं तर सून नाही म्हणत नाही. तिनं तांब्या आदळला आणि दोरीखालून वाकून मोहाकडे गेली. नव्या खांबाच्या आजूबाजूला पाहिलं, पालापाचोळा पायानं उडवला. डबी नव्हती. तिथं डबी नाही, असं ओरडून सांगायला ती वळली.

तेव्हा मी पडलो.

आधी तुळई गेली, मग तिच्यावरचे तिरके दगड, मग आग्नेयेचा खांब चारही कीचकांसकट, आणि शेवटी कमळ. शेकडो वर्षं मी उभं राहण्याचंच काम केलं. पडताना कुठं पडावं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी आवरून पाहिलं, मित्रांनो. दगडाला आवरता येत नाही. ज्या खांद्यानं मला अठ्ठावन्न वर्षांपूर्वी उचलून धरलं होतं, त्याच खांद्यावर मी पडलो. दोरीबाहेरच्या एकाही बाईला खरचटलंसुद्धा नाही.

दगड हलवायला दुपार झाली. निकेशनं स्वतः पहारी लावल्या, त्याचे हात सोलून निघाले होते. लच्छूला बाहेर काढलं तेव्हा वच्छलेनं त्याचं धोतर सारखं करायला हात घातला आणि कमरेशी तिला टणक काही लागलं. तिनं ती डबी काढली आणि मुठीत घट्ट धरली. ती कुणाला दाखवली नाही. बाकीच्या बायका रडत होत्या. ती रडली नाही.

आता तुम्हाला वाटेल की गावाचे डोळे उघडले असतील. मीही वाट पाहिली. महिनाभर माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. मग बोलणं सुरू झालं. देवाला टेकू म्हटलं म्हणून देव कोपला, असं काही जण म्हणाले. काही म्हणाले, लच्छूबाबा पुण्यवान, शिवरात्रीला देवाच्या पायाशी गेला. दोन्ही बाजूंचं शेवटी एकमत झालं. मोहाखाली पडलेला लच्छूचा नवा खांब आठ जणांनी उचलला आणि अंगणात सिमेंटचा चौथरा करून त्यावर उभा केला. त्याला शेंदूर फासला, लाल कापड गुंडाळलं. दर सोमवारी त्याच्या बुडाशी पाणी पडतं. काय सुंदर तासलेला खांब आहे तो. त्याच्या डोक्यावर आभाळाखेरीज काही नाही. तो काहीच उचलून धरत नाही.

माझं जे उरलं आहे ते त्याच्यापासून दहा पावलांवर आहे. उत्तरेची तुळई, पश्चिमेची तुळई आणि त्यांच्यावर तिरके दगड, ज्यांना दाबून धरणारे शेजारी आता नाहीत. तिथं सावली छान पडते. शेळ्या चारणारे बसतात, पाणी घालून दमलेल्या बायका टेकतात, शाळेची मुलं डबे खातात.

वच्छला आता पाणी घालत नाही. तिनं पहिल्या पाण्याचा मान सोडला. ती सोमवारी सगळे गेल्यावर भर उन्हात येते, जोत्यावरच्या दगडावर चढते, लच्छूच्या डबीतून बोटभर चुना घेते आणि माझ्या उत्तरेच्या तुळईवर, जिथं बारीक रेघ उमटली आहे, तिथं ठिपका देते. चुना वाळेपर्यंत खाली बसते. फारसं बोलत नाही. एकदाच बोलली, कुणाशी ते तिलाच माहीत. तिची नजर पडलेल्या दगडांवर होती.

"डबी तं तुमच्याच कमरेले होती, मामाजी," ती म्हणाली. "मले तेवढं तरी कळाले पायजे होतं."

ह्या पौषात तिचा ठिपका फुटला. तिनं नवा दिला, तोही फुटला. ती समितीकडे गेली. तिथं काय झालं ते मी घाटावरच्या बायकांकडून ऐकलं. तिचं सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं, चहा दिला, यात्रा होऊन जाऊ द्या म्हणाले. ती निघून गेल्यावर कुणीतरी म्हणालं की सासऱ्याचं वारं लागलं बिचारीला.

मित्रांनो, मला हात जोडू नका. माझ्यावर शेंदूर चढवू नका, पाणी घालू नका. मला पाहायला आलात तर आधी मान वर करा आणि मला कोण उचलून धरतं आहे ते बघा. पाचर घट्ट आहे का, लाकूड टणक आहे का, रेघ वाढली का, एवढं बघितलंत तरी माझी पूजा झाली. मी दगड आहे. मी ओरडतो ते तडकताना एकदाच, आणि तेव्हा कुणालाच काही करता येत नाही. म्हणून मला जे सांगायचं आहे ते तड्याखाली डबी घेऊन बसणारी ती बाई गावात दारोदार सांगत फिरते आहे. शिवरात्रीला अजून अकरा दिवस आहेत. तिचं ऐका.